दोन बोटं शिलाईला

१ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी आली ती बातमीबाईच. म्हणजे आमची शेजारीण. लेकाची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत ही रिकामी वाटी घेऊन दारात. साखर हवी होती म्हणे. साखर घेतली, खुर्चीत बसली आणि पाहुणे जाईपर्यंत उठली नाही. तिच्यामागून नात आली, मग सूनबाई, मग लेक, आणि सगळ्यांच्या मागे एक टायवाले गृहस्थ. लेक म्हणाला, "ओळखीचे आहेत, सहज आलेत." गृहस्थ मोठे चौकस. डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी त्यांनी भिंत ठोकून पाहिली. मागच्या खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, उजेड छान येतो. त्या खिडकीखाली बसून मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, पण तिथला उजेड आजवर कोणी वाखाणला नव्हता. मी खूश होऊन त्यांच्या चहात साखर जास्त घातली. त्यांनी अर्धाच प्यायला.

ही डायरी सूनबाईने कपाटातून काढून दिली. ह्यांच्या ऑफिसातली, जुन्या सालची, कोरीच राहिलेली. रविवारच्या जागी मंगळवार छापलाय, तो खोडून मी रविवार केला. ती म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्या आणि चालणं ह्यात रोज लिहीत जा." तर लिहिते. गोळ्या दिल्या. चालणं, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि परत. झालं की लिहून. आता एवढं पान उरलंय त्याचं काय करू? चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं, पण वाचणार आहे कोण.

हे ऑक्टोबरात आमच्याच दारापुढच्या तीन पायऱ्यांवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत लोखंडाची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, आता चालायचं. हे वॉकर धरून दारापर्यंत जातात, पायऱ्यांकडे बघतात आणि फिरून मागे येतात. जन्मभर विजेचे मीटर वाचत हिंडलेला माणूस, दिवसाला शंभर जिने चढायचा. त्यांच्या तोंडावर मी हे बोलत नाही. इथे लिहिते.

लेक म्हणाला, "आई, तीन पायऱ्या उतरता येत नाहीत तर तुम्ही इथे राहणार कसे? आमच्याकडे लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "पायऱ्यांना कठडा लावून घेऊ. धरायला काही असलं की उतरतील."

"आता कशाला कठडा," तो म्हणाला.

तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, तुमच्या खोलीला आम्ही निळा रंग दिलाय." सूनबाई तिला घाईघाईने बूट घालायला बाहेर घेऊन गेली. पोरांना कशाचंही कौतुक. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

शेवटी असं ठरलं की १५ मार्चला, रविवारी, ते परत येतील. तोवर बाबा पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले तर राहा इथे. नाहीतर सामान बांधायचं. लेक हळू आवाजात बोलला, पण बोलला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गोळ्या दिल्या.

ग्रिलवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, दोन महिने हात मोकळा नाही. मी म्हटलं, "बाबा रे, माझ्याकडे सहाच आठवडे आहेत." तो म्हणाला, "मग तुम्हीच करा आजी."

हे मी घरी येऊन बातमीबाईला सांगितलं. तिच्याकडे प्रत्येक आजारावर बातमी असते. गल्लीच्या टोकाला जी कारखान्याच्या कामाची शाळा आहे, तिथे शनिवारी छंदवर्ग सुरू होताहेत, सहा शनिवार, दहा ते बारा. ती स्वतः मेणबत्त्यांच्या वर्गाला नाव घालणार होती. मी सोबत म्हणून गेले. फळ्यावर यादी होती, मेणबत्त्या, कुंड्या रंगवणे, आणि खाली "घरगुती कामांसाठी वेल्डिंग". मी कारकुनाला विचारलं, ह्यात कठडा येतो का. तो म्हणाला, येतो की. मी नाव घातलं. वयाच्या रकान्यात त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि स्वतःच अडुसष्ट लिहिलं. एकाहत्तर आहे. मी दुरुस्त केलं नाही, देणाऱ्याचा हात कशाला धरायचा.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जळशील." दिवसभरात तेवढं एकच बोलले.

७ फेब्रुवारी, शनिवार

गोळ्या दिल्या. आज काय पाहिलं ते लिहायला मला अक्षरं कमी पडणार आहेत.

शिकवणारी बाई आहे, पस्तिशीची, हातावर पांढरे ठिपके, ठिणग्यांचे. मी तिला मास्तरीणबाई म्हणते. आम्ही चौघं. त्यातले एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना बागेत बाक करायचाय. मास्तरीणबाईने सगळ्यांना सुती लांब बाह्यांचे कपडे, बंद बूट, चामड्याचा डगला आणि कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. मग डोक्यावर तो टोप, पुढे काळी काच. काच खाली ओढली आणि मला काहीच दिसेना. स्वतःचा हातसुद्धा नाही. मी म्हटलं, "मास्तरीणबाई, दिवे गेले." ती म्हणाली, "थांबा आजी, आता येतील."

मग तिने वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला.

आगपेटीची काडी ओढावी तसा खर्र आवाज झाला आणि त्या काळोखात एक वाटाण्याएवढा दिवस उगवला. हिरवट. त्याच्या उजेडात लोखंड दिसत होतं, आणि ते ओलं होतं. खरंच ओलं. रॉडच्या टोकाशी इवलंसं तळं, हलतंय, कडेने चकाकतंय, आणि रॉड पुढे सरकला की मागचं पाणी थिजून त्याच्यावर लाटांच्या वळ्या उमटतात. आवाज कढईत तळण पडावं तसा. जन्मभर मी लोखंड वापरलं, तवा म्हणून, कात्री म्हणून, मशीन म्हणून. त्याच्या पोटात पाणी आहे हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. दोन वेगळे तुकडे होते, आणि तो दिवस मावळला तेव्हा एकच तुकडा होता. कुठे शिवण, कुठे काय. मी काच वर करून तशीच उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "आजी, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "गप्प बसा जरा."

माझा रॉड मात्र अकरा वेळा चिकटला. चिकटला की मास्तरीणबाई म्हणायची, "झटका द्या, मनगटाने." अकराव्यांदा मीच म्हटलं, हा रॉड जावई आहे, आला की जातच नाही.

घरी आले तर बातमीबाई फाटकात. म्हणाली, "तुझे हे दहा वाजल्यापासून खिडकीत उभे होते, आत्ता बसले." दूधवाला सुटे पैसे बाकी ठेवतो ना हल्ली, त्याची वाट बघत असतील.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गोळ्या ह्यांनी स्वतः घेतल्या. हे पान दोन दिवसांनी लिहितेय.

माझ्याकडून गाढवपणा झाला. काचेतून बघताना मला वाटलं, उघड्या डोळ्यांनी ते तळं अजून सुंदर दिसत असेल. मास्तरीणबाईने पहिल्या दिवशीच दम दिला होता, काच वर करून बघायचं नाही म्हणून. मी डॉक्टरांचं काम चालू असताना टोप जरासा उचलला. एकदा नाही, तीनदा.

तेव्हा काही झालं नाही. दुपारी कपडे वाळत घालताना डोळ्यांत वाळू पडल्यासारखं व्हायला लागलं, आणि चार वाजता डोळे उघडेनात. गरम पाणी गळतंय नुसतं. पलंगावर आडवी झाले. ह्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं. डोळ्यांना दात कसले, पण तोच एक नंबर जवळ होता. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून विचारून सांगितलं, थेंब घाला, अंधारात पडून राहा, दोन दिवसांत जाईल.

ह्यांनी ओल्या फडक्याची घडी आणून डोळ्यांवर ठेवली. गरम झाली की बदलली. पाचसहा वेळा तरी स्वयंपाकघरात जाऊन नवी घेऊन आले. वॉकरची खटखट मला एकदाही ऐकू आली नाही. म्हटलं, डोळ्यांबरोबर कान पण गेले की काय.

"कशाला बघितलंस?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "फार सुंदर होतं हो."

ह्यांनी घडी बदलली. मग म्हणाले, "काय दिसतं तिथे, सांग." मी सगळं सांगितलं, तळं, वळ्या, हिरवा दिवस. ऑक्टोबरापासून आम्ही एवढं बोललो नव्हतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डोळे उघडले. हे आज दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पायऱ्यांकडे पाहिलं. परत आले. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिला सरळ टाका पडला. त्यांच्याकडेही टाकाच म्हणतात. आधी दोन्ही टोकांना एकेक बारका टाका मारायचा, म्हणजे तुकडे हलत नाहीत, मग मधली शिवण भरायची. मी म्हटलं, ही तर आमची कच्ची शिवण. मास्तरीणबाई म्हणाली, "आजी, तुम्हाला अर्धं येतंय आधीपासून." पायमशीनवर चाळीस वर्षं एका चालीने कापड सरकवलेलं हाताला आठवतं. घाई केली की शिवण बारीक पडते, रेंगाळलं की भोक. वर जी काळी खपली धरते ती हातोडीने ठोकून काढायची, आणि खालून चांदीसारखी वेणी निघते. दर वेळी खपली उडाली की मी वाकून बघते. आत काय निघणार ते माहीत असूनही.

डॉक्टरांची शिवण म्हणजे मुंग्यांचं वारूळ. मी म्हटलं, "दात असेच बसवता?" ते म्हणाले, "माझे पेशंट तरी भूल घेतात."

मास्तरीणबाईला मी विचारलं, आमच्या ह्यांच्या मांडीतली पट्टी अशीच जोडलीय का. ती म्हणाली, नाही, ती स्क्रूने बसवतात, पण हाड आपलं आपणच जुळतं, त्याला कोणाचा रॉड लागत नाही. घरी येताना तेच डोक्यात. काळोखात, चामडीच्या आत, कोणी बघत नसताना हाड स्वतःला शिवत बसतं. देवाशपथ, मला रस्त्यात थांबावं लागलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेकाचा फोन होता. भांडी कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची ते बघून ठेव म्हणाला. मी म्हटलं, "अजून पंधरा दिवस आहेत." तो म्हणाला, "हो, म्हणूनच."

कठड्याचं माप घेतलं. ह्यांना दारात वॉकर धरून उभं केलं, जमिनीपासून तळहातापर्यंत टेप लावली. चौतीस इंच. हे म्हणाले, "शर्ट शिवतेस का?" म्हटलं, "लोखंडाचा." हसले. एका बाजूनेच, पण हसले.

७ मार्च, शनिवार

गोळ्या राहिल्या द्यायच्या, आत्ता देते.

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कठडा साधाच, वरच्या पायरीवर एक खांब, खाली जमिनीवर एक, आणि दोघांवर तिरका दांडा. चौकोनी पाइप. मास्तरीणबाईने माप लिहून दिलं आणि ती डॉक्टरांकडे गेली, त्यांच्या बाकाचा एक पाय हवेत होता. मी पाइपवर खडूने खुणा केल्या, मशीनवर कापून घेतले, तळाच्या पट्ट्या बसवल्या, कच्चे टाके मारले, पक्की शिवण भरली. इतकी सुंदर भरली की मी डॉक्टरांना बोलावून दाखवली. मास्तरीणबाई आली, टेप लावली, परत लावली.

"आजी, खांब सदतीस झालेत."

मी म्हटलं, "हो मग. चौतीस, आणि वर-खाली दोन-दोन बोटं शिलाईला."

ती टेप हातात धरून तशीच स्टुलावर बसली. "आजी," म्हणाली, "लोखंडाला दुमड नसते. जेवढं कापाल तेवढंच राहतं."

खरंच की. कापडाला दोन बोटं सोडायची, ही माझ्या आईने मारून शिकवलेली गोष्ट. चाळीस वर्षांत एकदा चुकले नाही. आणि बरोबर त्याच्यामुळेच चुकले. दांडाही दोन्हीकडे दोन-दोन बोटं लांब, पुढे चोच आल्यासारखा.

हसली नाही ती. म्हणाली, "कापून परत जोडता येईल, पण एकच शनिवार उरलाय. त्या दिवशी जोडायचं, की रंगवून पायरीवर बसवायचं? दोन्ही होणार नाही." मी म्हटलं, बसवायचं. म्हटलं खरं, पण येताना रस्ताभर हिशेब चालू. तीन इंच जास्त उंच कठडा. हे काय त्याला वटवाघळासारखे लोंबकळणार? आणि नाही उतरले तर ती निळी खोली. माझ्या दोन बोटांपायी.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी कठडा गाडीच्या टपावर बांधून आणला. वरच्या पायरीला आणि खालच्या फरशीला भोकं पाडायची होती. ड्रिल मास्तरीणबाईने आणलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, ह्या कामाचा परवाना माझ्याकडे आहे. बारा भोकं, एकही वाकडं नाही. वर म्हणाले, "पायरीचं बरं असतं, मध्येच तोंड मिटत नाही." बोल्ट आवळले. मास्तरीणबाई कठड्याला धरून अख्खी लोंबकळली, हलला नाही. जाताना तिने माझा हातमोजा मलाच दिला. वर्ग संपला. मी रडले नाही, डोळे अजून नाजूक आहेत तेवढंच.

हे खिडकीतून सगळं बघत होते. मी म्हटलं, "करून बघता का?" म्हणाले, "उद्या." मी म्हटलं, "थोडा उंच झालाय." रंग हाताला लागत नाही ना, एवढंच विचारलं.

१५ मार्च, रविवार

गोळ्या दिल्या का दिल्या नाहीत ते आठवत नाही.

अकरा वाजता आले. बातमीबाई आधीच वाटी घेऊन हजर, आज तेल. मग नात, सूनबाई, लेक, आणि मागे टायवाले गृहस्थ, ह्या वेळी हातात कागदांची जाड फाइल. लेक फाटकातच थांबला. कठड्याकडे बघत म्हणाला, "हा कोणी लावला?"

"मी," मी म्हटलं. "म्हणजे भोकं डॉक्टरांनी पाडली."

त्याला वाटलं, हाडांच्या डॉक्टरांनी.

तेवढ्यात दार उघडलं आणि हे उंबऱ्यात आले. वॉकर आतच ठेवला. मला वाटलं विसरले, मी आणायला निघाले तर हाताने थांब म्हणाले. पायऱ्यांकडे बघितलं. मला तो बघण्याचा प्रकार पाठ झालाय, त्याच्यापुढे ते वळतात. मी मनात म्हटलं, वळले आता.

त्यांनी दांड्याला हात घातला. हात उंच गेला. आणि हात उंच गेला तसा कोपराला ताण पडला, कोपरामागून खांदा, खांद्यामागून पाठ. एकेक करत माणूस वर आला. मी खाली उभी होते, मला मान वर करावी लागली. आणि मग मला आठवलं की हे उंच आहेत. लग्नात हार घालताना मला पाटावर उभं केलं होतं ह्यांच्यासाठी. पाच महिने वॉकरवर वाकलेला माणूस बघून बघून मी विसरूनच गेले होते, आणि मी, चाळीस वर्षं मापं घेणारी बाई, वाकलेल्या माणसाचं माप घेऊन आले होते.

एक पायरी उतरले. थांबले. अंगठ्याने माझ्या शिवणीवरून हात फिरवला, जिथे वळ्या आहेत तिथे. दुसरी. तिसरी. बातमीबाई गप्प होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मग हे कठडा सोडून, हळूहळू, कोणाला न धरता फाटकापर्यंत गेले आणि लेकासमोर उभे राहिले. लेकापेक्षा दोन बोटं उंचच आहेत अजून.

"ये," म्हणाले. "बाहेर का उभा?"

लेक पायऱ्यांपाशी आला, खाली बसला, आणि शिवणी बघायला लागला. माझी सगळ्यात जाडी, ओबडधोबड शिवण खालच्या खांबाच्या तळाशी आहे, नेमकी तीच बघत होता. बोट लावून म्हणाला, "आई, हे तू केलंस?" लहानपणी शाळेच्या शर्टाचा खिसा असाच बोटाने तपासायचा.

"धीर धर," मी म्हटलं, "पुढच्या छान आहेत."

तो हसला आणि डोळे पुसले. त्यानेही टोप उचलून बघितलं असावं.

नातीने दांड्याच्या पुढे आलेल्या चोचीला आपली पिशवी अडकवली, जणू ती त्यासाठीच होती. मग म्हणाली, "बाबा, मग निळी खोली माझी?" लेक ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "तुझी." सूनबाईने पाठ फिरवून नाक शिंकरलं आणि स्वयंपाकघरात जाऊन न सांगता चहा टाकला. तिच्या गॅलरीत कुंड्यांना घोडी हवीय म्हणे, तीन पायांची, होईल का. मी म्हटलं, माप आण, पण उभ्याने घे.

टायवाल्या गृहस्थांना लेक बाजूला घेऊन काहीतरी बोलला. त्यांनी फाइल बगलेत मारली, कठडा एकदा धरून हलवून पाहिला, मला नमस्कार केला आणि चहाच्या आधीच गेले. भले गृहस्थ, पण त्यांचा चहा कधी पुरा होत नाही.

जाताना लेक म्हणाला, "परत येतो आई, २९ मार्चला, रविवारी. कुंड्यांची मापं घेऊन." मी म्हटलं, त्या गृहस्थांनाही आण, खिडकी इतकी आवडली होती त्यांना. तो म्हणाला, ते येणार नाहीत. का ते सांगितलं नाही. हे हसले, ह्या वेळी दोन्ही बाजूंनी.

२९ मार्चच्या पानावर मंगळवार छापलाय. खोडून रविवार केला, आणि खाली लिहून ठेवलं, पाहुणे चार, बातमीबाई धरून.